परेरा सरांना द्यायचा निरोप

परेरा सरांना द्यायचा एक निरोप अजून माझ्याकडेच आहे. निरोप शेठचा, मी नुसती पोचवणारी. भाईंदरजवळ समुद्राकाठी उत्तन गाव आहे तिथे जायचं, परेरा सरांना गाठायचं आणि सांगायचं की खुर्ची तुमचीच आहे, परत या. एवढंच काम होतं. मी तो निरोप घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले. त्या दिवशी जे झालं त्याने मी अशी हादरले की अजूनही कोणी नुसतं "परेरा" म्हटलं तरी हातातलं काम सोडून मी वर बघते. पण शेवटाकडून सांगायला लागले तर माणूस राहूनच जाईल, म्हणून आधी माणूस सांगते.

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर आहे. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश होतं, वर आम्ही ती भांडी परदेशी पाठवायची कागदपत्रं करतो. खालच्या मशीनांमुळे दिवसभर फरशी थरथरते. परेरा सर आमचं नेटवर्क सांभाळायचे. तरुणपणी बोटीवर वायरलेसला होते. ती नोकरीच जगातून नाहीशी झाली, तेव्हा किनाऱ्यावर आले, संगणकाचे कोर्स केले आणि आमच्या शेठकडे लागले. अंगाने आडवे, आवाज असा की खालच्या पॉलिशवाल्यांनी वर बघावं. चष्म्याची दोरी तुटली होती, तर नेटवर्कच्या केबलमधली निळी-पांढरी तार पिळून त्यांनी तिचीच दोरी केली होती. शेठने नवी दोरी आणून दिली, ती त्यांनी खणात टाकली. "ही तार गंजत नाही," म्हणाले.

मी शांती नगरहून पहिल्या दिवशी कामाला आले, संगणक लावला, मेल उघडेना. मी आपलं सहज म्हटलं, "सर, नेट बंद आहे."

"बंद?" ते खुर्चीतून उठलेच. "कोणी सांगितलं तुला बंद? तू काय समुद्राखाली जाऊन तार बघून आलीस?"

नवी नोकरी, पहिला दिवस, आणि हा माणूस अख्ख्या ऑफिसासमोर माझ्यावर ओरडतोय. मला वाटलं, दुपारी डबा खायचा आणि घरी जायचं, परत यायचं नाही. ते मात्र माझ्या टेबलाशी आले, चष्मा नाकावर चढवला आणि काळ्या चौकटीत कसलासा आकडा टाईप केला. पडद्यावर भराभर उत्तरं आली.

"बघ, बाय. नंबरने जातंय ना? म्हणजे रस्ता जिवंत हाय. आता नावाने बघू." नावाने काहीच आलं नाही. "म्हणजे नाव मेलंय. रस्ता नाही, नाव. हे दोन आजार वेगळे. डॉक्टरकडे जाऊन 'मी बंद आहे' असं सांगतेस काय?"

त्यांच्या तोंडून मी हे इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. संगणकाला नाव कळत नाही, नंबर कळतो. म्हणून मध्ये एक मास्तर लागतो, नाव घेऊन गेलं की नंबर सांगणारा. आमच्या ऑफिसातला तो मास्तर म्हणजे पाण्याच्या फिल्टरशेजारच्या कपाटातली एक जुनी मशीन. आमच्या आतल्या मशीनांचे नंबर ती स्वतः सांगणार, आणि बाहेरच्या जगाचं काही विचारलं तर बाहेरच्या मास्तरला विचारून सांगणार. सर त्या कपाटावर थाप मारून म्हणायचे, "आतल्याला आतलं उत्तर, बाहेरच्याला बाहेरचं. दोघांची गल्लत केलीस की मेलीस."

तो त्यांचा नुसता कामाचा नियम नव्हता, जगण्याचाही होता. इतकी वर्षं आमच्यात होते, पण घर कुठे, घरात कोण, काही कळू द्यायचे नाहीत. ऑफिसच्या कागदावर पत्ता काय, तर "झेवियर परेरा", खाली "उत्तन". मुलीचं लग्न झालं ते आम्हाला पेढ्यांवरून कळलं. मी रुसून म्हटलं, "सर, बोलावलं नाहीत?" तर म्हणाले, "ऑफिस ऑफिसात बरं." रविवारी फोन बंद. घरचा फोन ऑफिसात आला तर उठून गॅलरीत जायचे आणि तिथे अगदी वेगळ्या बोलीत, वेगळ्या आवाजात बोलायचे. "हाय गो, हाय. न्हाय, येतंय मी." इतकं मऊ बोलणारा माणूस आमचाच ना, असं वाटायचं. आत आले की पुन्हा गर्जना सुरू.

माणूस साधा वगैरे बिलकुल नव्हता. आपल्यासारखा नेटवर्कवाला वसईपासून दहिसरपर्यंत नाही, असं स्वतःच सांगायचा. एकदा डिस्पॅचच्या नितीनने आपल्या टेबलाला वायफाय नीट येत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून गुपचूप टेबलाखाली लावला आणि वर जॅकेट टाकलं. झालं, अर्ध्या ऑफिसला आतली एकही मशीन सापडेना. तो राउटर जो भेटेल त्याला आपल्या मनाचे पत्ते वाटत सुटला होता. सरांनी एकेक वायर हाताने चाचपत शोध लावला. नितीनला वाटलं आता काही खरं नाही. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. राउटर उचलला, शेठच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या टेबलावर, फाइलींच्या वर ठेवला.

"शेठ, हा तुमचा दुसरा शेठ. दोघं मिळून ठरवा, ऑफिस कोणी चालवायचं."

आम्ही काचेतून बघत होतो. शेठला असं बोलायची कोणाची छाती नव्हती. शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. नितीन त्या दिवसापासून सरांचा भक्त झाला.

पण मला खरा धक्का बसला तो त्यांच्या चुकीच्या वेळी. कपाटातली मशीन बदलायची होती, तेव्हा सरांनी सगळी मांडणी नव्याने केली. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कला आधी काहीतरी वेगळंच नाव होतं. सर म्हणाले, "एका घराला दोन नावं कशाला?" आणि त्यांनी आतही तेच नाव दिलं जे आमच्या बाहेरच्या वेबसाइटचं होतं. दिसायला झकास. त्याच आठवड्यात एक मोठं परदेशी गिऱ्हाईक आलं. शेठने त्याला मोठ्या पडद्यासमोर बसवलं, आपली साइट उघडायला गेले, तर पडद्यावर आलं की अशी साइटच नाही. पाहुण्याने स्वतःच्या मोबाइलवर बघितलं, तर साइट ठणठणीत. साऱ्या जगाला आमचं दुकान दिसत होतं, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. शेठचा चेहरा पांढरा पडला. "हॅक हो गया," एवढंच म्हणत राहिले.

सरांनी आधी वेबसाइटवाल्यांना फोनवर झापलं. मग लाइनवाल्यांना झापलं. मग मला, कारण मी जवळ उभी होते. शेवटी खाली बसले, आतल्या मास्तरला विचारलं, बाहेरच्याला विचारलं, आणि दोघांची उत्तरं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. बाहेरच्याने तत्काळ नंबर दिला होता. आतला म्हणत होता, या नावाचं कोणी नाही. सरांनी चष्मा काढला, तो तारेवर छातीशी लोंबकळत राहिला.

"माझी चूक हाय," सगळ्यांसमोर, पाहुण्यासमोर म्हणाले. मी थक्क. हा माणूस हे वाक्य बोलू शकतो, हेच मला माहीत नव्हतं.

मग मला समजावलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही. आतल्या मशीनला वाटलं, या नावाचा सगळा गाव आपलाच. त्यात वेबसाइटचं घर तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण ते बाहेर. "आता ती 'मला माहीत नाही' म्हणाली असती ना, बाय, तर चाललं असतं. बाहेर विचारलं असतं कोणीतरी. पण ती म्हणाली, 'नाहीच.' घरचाच माणूस छातीठोक नाही म्हणाला की पुढे कोण विचारणार? विचारणारा तिथूनच परत फिरतो." त्यांनी वेबसाइटचा पत्ता आतल्या मशीनला शिकवला आणि साइट उघडली. दुसऱ्या दिवशी स्टीलचा भला मोठा डबा भरून फुगे आणले, त्यांच्याकडे सणाला तळतात ते गोल, हलके, किंचित गोड. माफी मागायची त्यांची ती रीत. पाहुणा गेला होता, पण त्याच्या वाटणीचे फुगेसुद्धा त्यांनी शेठच्या टेबलावर झाकून ठेवले होते.

आतलं नाव मात्र तेच ठेवलं. "आता मोडायला गेलो तर दहा ठिकाणी फुटेल. मला माहीत हाय कुठे काय शिकवलंय ते."

आणि तो शुक्रवार आला. शेठच्या कोणा नातेवाइकाने एक कंपनी सुचवली होती, ती सगळं नेटवर्क बाहेरूनच बघणार, ऑफिसात माणूस नको. शेठने सरांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. शेठ वाईट बोलले नाहीत. "परेराजी, उमर झाली, आता आराम करा," असंच काहीतरी म्हणाले. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. आता गर्जना होणार, आता टेबल वाजणार.

सर म्हणाले, "बरं."

मला तो शब्द अजून ऐकू येतो. एवढा मोठा माणूस आणि एवढासा आवाज. बाहेर आले, आपला चहाचा कप धुतला, पिशवीत घातला. कंपनीच्या माणसांना फोनवर सगळं नीट समजावून दिलं, एकच गोष्ट परत परत सांगितली की आतल्या मशीनांचं बाहेरच्याला विचारू नका, तो नाहीच म्हणेल. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, शेठचा, आणि त्यांच्या त्या "बरं"चा.

"बाय," म्हणाले, "नेट बंद आहे, असं कोणाला म्हणू नकोस हां."

सोमवारी नवीन माणसं आली. त्यांनी कपाटातली जुनी मशीन बंद केली आणि सगळ्यांना थेट बाहेरच्या मास्तरला जोडून दिलं. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं, बाकीच्या ऑफिसांत चालतं तसं. पण आमचा पॅकिंगचा प्रोग्रॅम आतल्या मशीनवर, आतल्या नावाने उघडायचा. बाहेरच्याला त्या नावाचं काय ठाऊक? दिवसभर कोणाचंच काम होईना, कंटेनर खाली उभा. कंपनीवाले फोनवर फोन करत होते. शेठ संध्याकाळी केबिनमधून बाहेर आले, सरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहिले. कंटेनर त्यांच्या डोक्यात नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण फक्त कंटेनर नव्हता. खुर्चीच्या पाठीला हात लावून मला म्हणाले, "मैंने गलत किया, वैशालीबेन. फोन लागत नाही त्यांचा. तमे जाओ. सांगा, खुर्ची तुमचीच आहे. कामाला नको, नुसतं बसायला या म्हणावं."

मंगळवारी सकाळी मी आणि नितीन त्याच्या स्कूटरवर निघालो. मी खुशीत होते. वाटेत नितीनला म्हणत होते की आधी ओरडतील, मग कॉफी पाजतील, मग येतील. गावात शिरल्यावर मात्र पंचाईत झाली. पत्ता नाही. फोन बंद. दुकानं बरीचशी बंद. एक किराणावाला उघडा होता. नितीनने विचारलं, "भैया, परेरा सर कहाँ रहते हैं?"

"कौनसे परेरा? यहाँ आधा गाँव परेरा है."

"झेवियर परेरा. कम्प्यूटरवाले."

त्याने मान हलवली. तो स्वतःच नवा होता. म्हणाला, पुढे म्हातारी बसलीय, तिला सगळा गाव माहीत आहे.

म्हातारी एका घराच्या ओट्यावर एकटीच बसली होती, काळी साडी नेसून. मी वाकून विचारलं. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"झेवियर? कुनाचा?"

कोणाचा, ते आम्हाला कुठे ठाऊक. मी म्हटलं, "मोठे आहेत वयाने. बोटीवर होते पूर्वी."

"हियां सगलेच बोटीवर व्हते. झेवियर परेरा एक दुबईला हाय, एक त्या गल्लीतला ल्हान पोर हाय. म्हातारा झेवियर हियां न्हाय."

"आजी, नीट आठवा. भाईंदरला ऑफिसात जातात."

"न्हाय गो. मी जलमले हियांच. असा मानूस न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन आज कोन बोलनार बी न्हाय तुमच्याशी. गावात मैत हाय. आमचा पावलू गेला, परवा रातच्याला. छातीत कळ आली नि गेला."

मी म्हटलं, अरेरे. खरंच वाईट वाटलं, परक्या माणसाचं वाटतं तेवढं. तेवढ्यात गाण्याचा आवाज आला आणि वळणावरून माणसं आली, पुढे क्रूस, मागे पेटी, मागे काळ्या कपड्यांतला अख्खा गाव. गल्ली अरुंद. नितीनने स्कूटर भिंतीला लावली, हेल्मेट काढलं. मी हात जोडले. सगळे गेले, आम्ही थोडं थांबलो आणि परत फिरलो. म्हातारी नाही म्हणाली होती. दुसरं गाव असेल, नितीन म्हणाला, उत्तन केवढं पसरलंय.

बुधवारी त्यांचा फोन लागला. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "सर!"

"कोन?" बाईचा आवाज होता, घोगरा झालेला.

मी ऑफिसचं सांगितलं. झेवियर सर आहेत का विचारलं. सरांची बायको होती ती. मग ती म्हणाली, "ते तुमच्याकडचं नाव. शालेत घातलेलं. आमच्यात थोरल्या नातवाला आज्याचं नाव लावतात. हियां त्यांना पावलूच म्हनत सगले." आणि पुढे, "काल मैत झालं त्यांचं."

फरशी नेहमीसारखी थरथरत होती. मी काहीतरी बोलत गेले, आलो होतो, आम्ही काल आलो होतो, गावातच होतो.

"न्हाय, बाय," ती शांतपणे म्हणाली. "हापिसातनं कोन आलं न्हाय. मी बघत व्हते ना. दारातनं येनारं परतेक मानूस मी बघितलं. शनवारी, आइतवारी ते सारखे म्हनत, येल कोनतरी हापिसातनं. फोन बी आइतवारचा चालू ठेवला. कोन आलं न्हाय."

निरोप मी तिला दिला नाही. ती मात्र बोलत राहिली, बोलायला कोणीतरी हवं असावं तिला. म्हणाली, सगळं केलं, सूट घातला, बूट घातले, आणि चष्मा घालायचा राहिला. पेटी बंद झाल्यावर कळलं. दफनापर्यंत माझ्या मुठीतच होता, म्हणाली.

तेव्हा मला दिसली ती, काल गल्लीतली. पेटीच्या मागे चालणारी, दोन बायकांनी धरलेली, माझ्या इतक्या जवळून गेली की तिचा पदर माझ्या हाताला लागला. उजवी मूठ घट्ट मिटलेली आणि मुठीतून खाली काहीतरी निळं-पांढरं, पीळ घातलेलं लोंबत होतं. मला वाटलं, जपमाळ असेल. गल्ली अरुंद होती आणि पेटी उचलणाऱ्यांना वळण घ्यायचं होतं. मी भिंतीला पाठ टेकवून आणखी मागे सरकले, त्यांना नीट जाता यावं म्हणून.